वाटा आणि काम

आमच्या विद्यापीठातलं विद्यार्थ्यांचं इतिहास मंडळ काही वर्षं बंद होतं. बंद पडण्यामागे नाट्य काही नव्हतं. मंडळ बघणारे प्राध्यापक निवृत्त झाले, मग करोनाची दोन वर्षं आली, आणि त्यानंतर कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला सांगता येईना. गेल्या वर्षी काही मुलं माझ्याकडे आली आणि म्हणाली, 'सार, पुन्हा सुरू करायचंय, तुम्ही बघाल का?' मी हो म्हटलं. नोंदणीचा एक फॉर्म असतो. मंडळाचं नाव, सभासद, पदाधिकारी आणि मग एक रकाना, 'उद्देश'. जुन्या वहीत उद्देश तमिळमध्ये तयारच होता: आपल्या गौरवशाली वारशाची जपणूक. तोच उतरवून दिला असता तर पाच मिनिटांत काम आटोपलं असतं. पण एका मुलानं विचारलं, 'आपल्या' म्हणजे कुणाच्या?

इतर कुठल्या गावात हा प्रश्न शंकेखोरपणा वाटला असता. तंजावरात तो रोजच्या वापरातला आहे. इथं चोळांचं देऊळ आहे, त्याच्या आवारात नायकांनी बांधलेले मंडप आहेत आणि ओवरीच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले, मागे मुलगा नव्हता, आणि कंपनीनं राज्य खालसा केलं. नुसतं राज्य नाही, राजाची खासगी मालमत्तासुद्धा ताब्यात घेतली. त्याविरुद्ध थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला की ही एका सार्वभौम सत्तेची कृती आहे, ती योग्य की अयोग्य हे कुठलंही कोर्ट तपासू शकत नाही. तेव्हा वारसा हा आमच्या गावात समारंभातल्या भाषणाचा शब्द होण्याआधी दाव्यातला शब्द होता. कुणाला काय मिळालं, कुणी काय घेतलं, कुणाचा हक्क बुडाला, हे सगळं त्या शब्दाला चिकटलेलं आहे.

मी स्वतः ज्यांना इथं 'रायर' म्हणतात त्यांच्यापैकी. घरी मराठी बोलतो, पण ती ऐकून पुण्याची माणसं आधी हसतात आणि मग कौतुक करतात; दोन्हींची सवय झाली आहे. माझी आजी मराठीत पत्रं लिहायची, अक्षरं तमिळ. मोडी आमच्या घरात माझ्या पणजोबांनंतर कुणाला आली नाही. मला येते ती उतारवयात शिकून, अडखळत. आणि मंडळात पहिल्या दिवशी आलेल्या चौदा मुलांमध्ये मोडी सगळ्यांत चांगली वाचणारी मुलगी तमिळ आहे, तिच्या घराण्याचा मराठीशी काडीचा संबंध नाही. एम.ए.ला असताना तिनं नेटानं शिकून घेतली. सरस्वती महालातल्या मोडी रुमालांतला एखादा हिशेब पुढे ठेवला तर ती सरसर वाचते, अर्थासाठी मात्र मला विचारते. मी अर्थ सांगतो, वाचता मला येत नाही. आम्ही दोघं मिळून एक मराठी माणूस होतो, असं मी तिला गमतीनं म्हणालो. ती म्हणाली, 'मग त्यातला वारस कोण?'

पहिल्या दोन-तीन बैठका या असल्याच बोलण्यात गेल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कार्यक्रमपत्रिका ठरवायला बसलेल्या मंडळांपेक्षा भांडायला बसलेलं मंडळ बरं. काहींना व्याख्यानमाला हवी होती, काहींना सहली, एकाला सांबाराचा इतिहास. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असते. गोष्ट चवदार आहे, पण तिच्याकडे कागद मागितला की ती गप्प बसते. तरी मी त्याला म्हटलं, घे हा विषय, निदान ही गोष्ट कधीपासून सांगतात हे शोध.

मग मी त्यांना पुण्याचं उदाहरण सांगितलं. १९१० मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, त्याच्या आधीपासून राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं मागत होते. पुष्कळ घरांनी ती दाखवली नाहीत. कागद आमच्या वाडवडिलांचे, तुम्ही कोण? त्याच घरांत ते कागद वाळवी खात होती, किंवा रद्दीत जात होते. मालकी सांगणारे वाचत नव्हते, वाचू शकणाऱ्याला मालकी नव्हती. राजवाड्यांच्या स्वभावाबद्दल आणि मतांबद्दल काय बोलायचं ते बोला, ते पुढे स्वतःच काढलेल्या मंडळाशी बिनसून धुळ्याला गेले हेही खरं. पण दुसऱ्याच्या घरातलं दप्तर डोक्यावर घेऊन चालत निघालेला तो माणूस मला या प्रश्नाचं अर्धं उत्तर वाटतो. उरलेलं अर्धं पुण्यातच ५ जानेवारी २००४ ला दिसलं. एका पुस्तकात झालेल्या अपमानाचा राग म्हणून एक जमाव भांडारकर संस्थेत घुसला आणि त्यानं कपाटं फोडली, पोथ्या फेकल्या. ज्या इतिहासाला ते आपला म्हणत होते त्याचीच साधनं त्या कपाटांत होती.

यावरून मुलांचं चटकन एकमत झालं, इतकं चटकन की मला शंका आली. हक्क रक्तानं येत नाही, वाचनानं येतो, असं सगळे म्हणू लागले. विद्यापीठात बसून हे म्हणणं सोपं असतं. वाचन हा आमचा धंदाच आहे. म्हणून मी त्यांना घेऊन पेरिय कोविलात गेलो, दोन भिंती बघायला.

नैर्ऋत्येच्या ओवरीतला मराठी शिलालेख १८०३ चा. 'भोसलेवंशचरित्र' म्हणून तो ओळखला जातो. देवनागरीत, ओळीमागून ओळी, भारतातल्या सगळ्यांत लांब शिलालेखांपैकी एक. सरफोजीराजांनी चिटणीस बाबूरायाकडून आपल्या घराण्याचा इतिहास लिहवून घेतला आणि देवळाच्या भिंतीवर कोरवला. आमच्याकडच्या पाहुण्यांना तो दाखवताना ऊर भरून येण्याची पद्धत आहे. पण त्या चार-पाच वर्षांत काय घडलं होतं ते लक्षात घ्या. सरफोजी दत्तक. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये त्यांना घेतलं आणि लगेच ते वारले. पंडितांनी दत्तकविधान अशास्त्र ठरवलं आणि गादी अमरसिंहांना गेली. पुढे दुसऱ्या पंडितांनी तेच विधान सशास्त्र ठरवलं, आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षी त्यांनी कंपनीशी तह करून राज्याचा कारभार सोपवून दिला. हाती राहिला किल्ला आणि त्याच्या आसपासचा मुलूख. म्हणजे ज्याचा वारसाहक्क दहा वर्षं वादात होता आणि ज्याचं राज्य चार वर्षांपूर्वी गेलं होतं, अशा माणसानं वंशाचा इतिहास दगडात कोरवला. मला त्यात ढोंग दिसत नाही, दुःख दिसतं. सरफोजीराजे साधे गृहस्थ नव्हते. ग्रंथालय, वैद्यक, शाळा, अन्नछत्रं, किती गोष्टींत त्यांनी जीव ओतला. पण भिंतीवर जे आहे ते आधी एक कैफियत आहे. सत्ता गेली की इतिहास लिहावासा वाटतो, हे तेव्हाही खरं होतं आणि आमच्यासारख्या गावभर विखुरलेल्या रायर कुटुंबांच्या संमेलनांतही खरं असतं.

दुसरी भिंत आठशे वर्षं जुनी त्याहून. राजराज चोळाच्या देवळातल्या शिलालेखांत १०१४ च्या सुमाराचा एक लेख आहे. राजानं चोळ देशातल्या निरनिराळ्या देवळांतून चारशे नाचणाऱ्या स्त्रिया इथं आणून वसवल्या, त्यांची यादी. प्रत्येकीचं नाव, आधी 'नक्कन', मग ती कुठल्या गावच्या कुठल्या देवळातून आली, आणि तंजावरात तिचं घर कुठल्या आळीत, कुठल्या रांगेत, कितवं. प्रत्येकीला एक वाटा, म्हणजे वर्षाला शंभर कलम भात. जगातल्या किती राजांच्या वास्तूंवर चारशे साध्या बायकांचे पत्ते आहेत? मुलं थक्क झाली, मी पहिल्यांदा हुल्श यांनी छापलेली ती यादी वाचली तेव्हा मीही झालो होतो.

पण मला त्यांना दाखवायचं होतं ते यादीच्या नंतरचं. तिथं वारशाचा नियम आहे. या वाटेकऱ्यांपैकी कुणी मेलं किंवा परदेशी निघून गेलं तर जवळच्या नातलगानं तो वाटा घ्यावा आणि ते काम करावं. नातलग स्वतः लायक नसेल तर त्यानं लायक माणूस निवडून त्याच्याकडून काम करून घ्यावं आणि वाटा त्याला द्यावा. हजार वर्षांपूर्वीच्या एका कारकुनानं आमच्या फॉर्मवरच्या रकान्याचं उत्तर लिहून ठेवलं होतं असं मला वाटत आलं आहे. वारसा म्हणजे वाटा. वाटा कामासह येतो. काम जमत नसेल तर ते ज्याला जमतं त्याच्याकडे वाटा जाऊ द्या. मला मोडी येत नाही, तिला येते. झालं की.

मी हे बऱ्यापैकी रंगवून सांगितलं. सावलीत बसलेल्या मुलांपैकी एक मुलगी, नागपट्टिणम जिल्ह्यातली, इतका वेळ काही बोलली नव्हती. तिनं विचारलं, 'त्या चारशेजणींना कुणी विचारलं होतं का, येता का म्हणून?'

नव्हतं विचारलं. लेखात आज्ञा आहे. आणि जन्मानं ठरलेलं ते काम पुढच्या शतकांत कुठं जाऊन पोचलं तेही याच मुलखाला नीट माहीत आहे; मूवलूर रामामिर्दम अम्मैयार त्या प्रथेत जन्मल्या आणि तिच्याविरुद्ध आयुष्यभर लढल्या, कायदा व्हायला १९४७ उजाडलं. ती मुलगी पुढे म्हणाली ते असं: आमच्याकडे काम वारशानं आलं, वाटा नाही आला. तुमचा नियम आमच्या बाबतीत अर्धाच चालला.

तिच्या घरचे लोक पिढ्यान् पिढ्या पण्णैयाळ, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर बांधलेले गडी. कावेरीच्या या मुलखाला भाताचं कोठार म्हणतात. ते भरणाऱ्यांना संरक्षण देणारा पहिला कायदा १९५२ मध्ये झाला. जुन्या वहीतल्या सहलींची यादी तिनं पाहिली होती. पेरिय कोविल, राजवाडा, दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम, तरंगंबाडी. तिनं विचारलं, यात कीळवेण्मणी का नाही?

इतर भाषांतल्या वाचकांपैकी काहींना हे नाव इंदिरा पार्थसारथींच्या 'कुरुदिप्पुनल' या कादंबरीमुळे माहीत असेल. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या त्या गावात दलित शेतमजुरांची चव्वेचाळीस माणसं एका झोपडीत जाळून मारली गेली. बहुतेक बायका आणि मुलं. मजूर संघटित झाले होते, भाताची मजुरी थोडी वाढवून मागत होते. खालच्या कोर्टानं जमीनदारांना दोषी ठरवलं, मद्रास उच्च न्यायालयानं सोडून दिलं. बस, एवढंच सांगून मी थांबतो. ज्यांना या विषयात आणखी तपशील हवे आहेत त्यांना ते मिळतात, आणि ज्यांना नको आहेत त्यांना तपशिलांनी फरक पडत नाही.

मंडळात यावर दोन बैठका जोरात झाल्या. एक म्हणाला, हा इतिहास नाही, राजकारण आहे. मोडीवाली मुलगी म्हणाली, १८०३ ची भिंत तरी काय होती? दुसरा म्हणाला, अजून त्या घरांतली माणसं हयात आहेत, दोन्ही बाजूंची. जरा जुनं होऊ दे. किती जुनं? कुणाच्या सोयीनं? पण माझ्या मनात घर करून राहिला तो आमच्यातल्या मुलाचा, रायर घरातल्या मुलाचा मुद्दा. तो म्हणाला, 'सार, तुम्हीच सांगितलंत की आजोबांच्या पराक्रमाचा अभिमान माझा नाही, कारण मी काही केलेलं नाही. ठीक. मग कुणाच्या तरी आजोबांच्या पापाची लाज आजच्या पोरानं का बाळगायची? दोन्ही सोडा नाहीतर दोन्ही घ्या.'

हे उत्तर देऊन झटकून टाकण्यासारखं नाही. तर्क सरळ आहे. कर्तृत्व वारशानं येत नसेल तर दोषही येत नाही. मी त्याला मान्य केलं. लाज बाळग असं कुणी कुणाला सांगू नये. सांगून आणलेली लाज ही अभिमानासारखीच हलकी असते, आणि दोन्हींत माणूस स्वतःकडेच बघत बसतो. पण लाज आणि देणं या एक गोष्टी नाहीत. आपल्या जुन्या हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडण्याची जबाबदारी मुलावर असे. बापानं जुगारात, दारूत उधळलेलं कर्ज मात्र मुलावर येत नसे. त्याला 'अव्यावहारिक' ऋण म्हणत. म्हणजे बापाचा दोष मुलाचा नव्हे, हे शास्त्रकारांनाही कळत होतं. २००५ च्या दुरुस्तीनं नव्या कर्जांपुरती ती जबाबदारीही गेली. तरी एक गोष्ट शिल्लक आहेच: मेलेल्या माणसाच्या मालमत्तेतून त्याची देणी आधी फिटतात, वारसांच्या हाती उरलेलं येतं. वारस दोषी आहे म्हणून नव्हे, त्याच्या हातात घर आलंय म्हणून. माझ्या पणजोबांना इनामाची थोडी जमीन होती. ती विकून माझे आजोबा शिकले, आजोबा शिकले म्हणून वडील शिकले, वडील शिकले म्हणून मी या खुर्चीवर बसलो आहे. त्या जमिनीत भात कुणी लावला त्याची नोंद आमच्या घरात नाही. मला लाज वाटते का? खरं सांगायचं तर नाही, मी ती जमीन बघितलेलीही नाही. पण खुर्ची माझ्याकडे आहे. नोंद शोधण्याचं काम माझ्याकडे येतं ते त्यामुळे.

तो म्हणाला, 'मग माझ्या घराकडे काहीच आलेलं नाही, आम्ही भाड्याच्या घरात राहतो.' मी म्हटलं, मग तुझ्यावर देणंही कमी. तो हसला, पटल्यासारखा दिसला नाही. त्याचा मुद्दा मी अजून पुरता खोडलेला नाही. ज्याच्या हाती पूर्वजांचं फक्त आडनाव आलं, त्याला आपण कुठल्या तोंडानं हिशेब मागतो? कदाचित मागूच नये. आडनावाच्या जोरावर त्यानं काही मागितलं, तर तेव्हा मागावा.

शेवटी मंडळानं एक नियम केला, आणि तो मी सुचवलेला नाही. प्रत्येक सभासदानं पहिल्या वर्षी जे वाचायचं ते स्वतःच्या घरचं, जातीचं, भाषेचं नसावं. आपलं दुसऱ्या वर्षी. रायरांच्या मुलाकडे चारशे नावांची यादी आली आहे. कुठल्या देवळातून किती जणी आल्या याचा तो नकाशा करतो आहे आणि जुनी गावनावं आजच्या नकाशावर बसवताना वैतागतो आहे. सांबारवाल्याला दुसरा कुणी न घेतलेला प्रिव्ही कौन्सिलचा निकाल मिळाला. नागपट्टिणमच्या मुलीनं मोडी मागून घेतली. मला वाटलं होतं ती स्वतःच्या मुलखाचंच काम मागेल. तिला विचारलं तर म्हणाली, 'छत्रांचे हिशेब मोडीत आहेत ना? तांदूळ किती शिजला ते लिहिलंय, मग तो आला कुठून तेही कुठंतरी लिहिलेलं असेल.' सरफोजींच्या अन्नछत्रांबद्दल मी आजवर जी भाषणं ऐकली, त्यांत हा प्रश्न मी ऐकला नव्हता. त्यातली दोन भाषणं माझीच होती.

कीळवेण्मणीला जायचं की नाही याचा निर्णय झालेला नाही. मतं घेतली असती तर जायचं ठरलं असतं. पण तिनंच थांबवलं. देवळाला सहल नेताना देवळाला विचारावं लागत नाही. तिथं माणसं राहतात, तिथं स्मारकापाशी आपल्या मेलेल्यांसाठी दर वर्षी जमतात. आपण तिथं काय म्हणून जायचं, बघे म्हणून? बस करून, ओळखपत्रं गळ्यात घालून? ती पोंगलला घरी जाईल तेव्हा ओळखीपाळखीतून कुणाला तरी विचारून येणार आहे. उत्तर 'येऊ नका' असं आलं तर न जाण्याची नोंदही वहीत करायची, एवढं मात्र ठरलं आहे.

तोवर बुधवारी संध्याकाळी मोडी चालू आहे. तिला अजून अक्षरं सुटी ओळखता येत नाहीत. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला टांगत जातात, शब्द कुठं तुटतो ते अर्थ कळल्याशिवाय दिसत नाही. ती वाचते, मी अर्थ सांगतो, दुसरी चुका काढते. गेल्या बुधवारी दीड तासात साडेतीन ओळी झाल्या.